मोहित्यांचं सुवर्णपदक

मोहित्यांकडून एक बोल्ट मागून घेणं आणि एखाद्या घरी मुलगी मागायला जाणं यात फार फरक नव्हता. कशाला हवा, कुठे बसणार, आधीचा कुठे गेला, त्याचं असं काय झालं, अशी सगळी चौकशी व्हायची. मग मोहिते आत जाऊन फळीवरून बोल्ट काढायचे, खांद्यावरच्या फडक्याने पुसायचे, उजेडात धरून त्याचे आटे बघायचे आणि समोरच्याच्या हातावर ठेवताना म्हणायचे, "जपा हां." बोल्ट घेऊन निघालेला कामगार दिसेनासा होईपर्यंत ते स्टोअरच्या जाळीतून बघत उभे असायचे.

आमचा कारखाना पावण्याला, ठाणे-बेलापूर रस्त्याच्या आत. पितळेचे व्हॉल्व्ह बनायचे. एक पत्र्याची लांब शेड, कडेला शेठची काचेची केबिन आणि केबिनच्या बाहेर माझं टेबल. टायपिंग माझं, हिशेब माझे, फोनही मीच घ्यायची. सत्तरचं दशक संपत आलं होतं. वाशीला नवी घरं उठत होती आणि त्यातल्याच एका घरात मी आईवडिलांबरोबर राहायला आले होते. मोहिते आमच्या मागच्या गल्लीत. संध्याकाळी कारखान्याचा टेम्पो आम्हा सगळ्यांना वाशीला सोडायचा.

भागुराम मोहिते मूळचे चिपळूणकडचे. बुटके, केसांना तेल, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट आणि खिशात दोन पेनं, त्यातलं एक लाल. या माणसाला जगात दोनच गोष्टींचं वेड होतं, माइक आणि सत्कार. त्यांच्या वस्तीतल्या जयंतीला सूत्रसंचालन मोहित्यांकडे असायचं. माइक हातात आला की भुकेल्या माणसासमोर ताट आल्यासारखा त्यांचा चेहरा फुलायचा. सत्कार करायला तर त्यांना निमित्तच लागत नसे. वॉचमनचा मुलगा मॅट्रिक झाला, सत्कार. टेम्पोच्या ड्रायव्हरला जुळं झालं, सत्कार. शाल ते स्वतःच्या घरून आणायचे आणि कार्यक्रम संपला की बहुधा परतही न्यायचे.

"मोहिते, तुमचा सत्कार कोणी केला का हो कधी?" मी एकदा विचारलं.

"नाय. शाळेत आमी कायम दुसरे," ते म्हणाले. "दुसऱ्या नंबरला टाळ्या असतात, बाई. बक्षीस नसतं."

आता कुलपाचं सांगते, कारण मोहिते म्हटलं की कुलूप आलंच.

संध्याकाळी स्टोअरचं शटर ओढून मोहिते कुलूप लावायचे आणि ते ओढून बघायचे. यात काही विशेष नाही, कोणीही बघतं. पण मोहिते चार पावलं येऊन परत जायचे, पुन्हा ओढून बघायचे. टेम्पोपर्यंत येऊन परत जायचे. आम्ही आत बसून हाका मारायचो. "लागलंय हो, मोहिते! इथून दिसतंय!" ते हसायचे, टेम्पोत पाय ठेवायचे आणि पाय काढून पुन्हा जायचे. आमची त्यावर करमणूक व्हायची. आमचा लेथवाला बळीराम पाटील पावणे गावातलाच, त्याला टेम्पोची गरज नव्हती. तरी तो सायकलवर रेलून ही गंमत बघायला थांबायचा. "मोयते, कुलपाला झोप आली, आता तरी सोरा त्याला!" असं ओरडायचा.

हळूहळू करमणूक कमी झाली. मोहिते टेम्पोत बसायचे, पण वाशीला उतरल्यावर समोरून येणाऱ्या बसला हात करून परत पावण्याला जायचे. वाळत चालले. आणि एका सकाळी आम्ही टेम्पोतून उतरलो तर मोहिते स्टोअरच्या शटरला पाठ लावून जमिनीवर बसलेले. अंगावर आदल्या दिवशीचाच शर्ट. संध्याकाळी परत आले होते आणि मग निघताच आलं नव्हतं.

थोड्या वेळाने सुनंदावहिनी आल्या. मोहित्यांची बायको मुंबईत एका प्रसूतिगृहात आया होती. हाताने चटपटीत आणि तोंडानेही. बसमधून उतरून त्या तडक शेडमध्ये शिरल्या, नवऱ्यासमोर डबा ठेवला आणि म्हणाल्या, "घराला पण दार आहे म्हटलं. त्याला पण कुलूप आहे. त्याच्यावर पण जरा जीव लावा."

मोहिते वर न बघता म्हणाले, "सुनंदा, कुलूप लागलंय ते कळतंय गं मला. हाताला कळतंय, डोळ्याला कळतंय. आतल्याला कळत नाय."

वहिनी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसल्या.

एवढ्यात शेठ आले. शेठ घाटकोपरहून यायचे. माणूस चांगला, पण सगळं जग त्यांना चोरी करायला टपलेलं दिसायचं. रात्रभर स्टोअरपाशी बसलेला स्टोअरकीपर बघून ते गहिवरले. "देखो! सब लोग देखो! ऐसा मानस पायजे!" त्या खंडेनवमीला यंत्रांची पूजा झाल्यावर शेठने सगळ्यांसमोर मोहित्यांना उत्कृष्ट कामगार म्हणून भिंतीवरचं घड्याळ दिलं. आयुष्यातलं पहिलं बक्षीस. मी टाळ्या वाजवता वाजवता त्यांच्याकडे बघत होते. चेहरा राखेसारखा. शेठने माइक पुढे केला तर ते "आभारी आहे" एवढंच बोलले आणि खाली बसले. मोहिते दोन शब्दांत आटोपले, याचं त्या दिवशी आम्हाला घड्याळापेक्षा जास्त आश्चर्य वाटलं.

त्यानंतर मोहिते दर आठवड्याला अर्धा दिवस सुट्टी घेऊन मुंबईला जाऊ लागले. दातांचं काम चाललंय म्हणाले. महिने गेले, तरी दातांचं काम चालूच. "मोयत्यांना दात हायेत तरी किती?" बळीराम विचारायचा. "मगरीला पन एवरं नसतील."

खरं काय ते आम्हाला पुष्कळ उशिरा कळलं. वहिनींच्या प्रसूतिगृहातल्या एका सिस्टरने मोहित्यांना मुंबईतल्या मोठ्या हॉस्पिटलात मनाच्या आजारांच्या डॉक्टर शैला गुर्जर यांच्याकडे पाठवलं होतं. पुन्हापुन्हा हात धुणं, पुन्हापुन्हा कुलूप बघणं अशा माणसांवर गोळ्यांबरोबर आणखी काय उपाय करता येतो, याचा त्या अभ्यास करत होत्या. उपाय ऐकायला सोपा होता. कुलूप एकदाच लावायचं आणि परत बघायला जायचं नाही. जीव घाबरा होईल, तो होऊ द्यायचा.

"भीती चढते तशी उतरतेही, मोहिते," बाईंनी सांगितलं. "पण तुम्ही तिला उतरूच देत नाही. ती वर पोचायच्या आत धावत जाऊन कुलूप ओढता."

पुढे मोहिते हे सगळं मोठ्या रंगात येऊन सांगायचे. बाईंनी आधी हॉस्पिटलातल्या कपाटावर सराव करून घेतला. मोहित्यांनी कपाटाला कुलूप लावलं आणि वळूनही न बघता निघाले. बाई खूश. "अजिबात भीती वाटली नाही?"

"नाय. कपाट तुमचं, औषधं तुमची. चोरीला गेली तर जातील."

तेव्हा बाईंच्या लक्षात आलं की आपल्यालाच पावण्याला जावं लागणार.

तर एका दुपारी मोहिते एका लहानखुऱ्या बाईंना घेऊन शेडमध्ये आले. सुती साडी, खांद्याला शबनम पिशवी, हातात छत्री. "या आमच्या दातांच्या डॉक्टर," त्यांनी ओळख करून दिली. "कारखाना बघायला आल्यात." शेठने चहा मागवला. बाईंनी नमस्कार केला आणि दातांच्या डॉक्टर नसल्याचं काही बोलल्या नाहीत. रुग्णाने जे सांगितलं असेल ते मोडायचं नाही, हा त्यांचा नियम.

नियमाची परीक्षा लगेच आली. बळीराम लेथ बंद करून तेलकट हात पुशीत पुढे झाला. "बाय, जरा माजी दाढ बगा ना. चार रोज जाले, पानी पन पिववत नाय."

मोहित्यांचा चेहरा पांढराफटक. बाईंनी मात्र शांतपणे पिशवीतून बॅटरी काढली, बळीरामला खिडकीकडे तोंड करून उभं केलं आणि आत नीट बघितलं. "किडली आहे. काढावी लागेल," त्या म्हणाल्या. "पण मी नाही काढणार. वाशीत कोणी दाताचे डॉक्टर असतील ना, उद्याच्या उद्या जा." बळीराम गेला आणि दाढ काढून आला. बाईंचा हात लागताच दुखणं निम्मं कमी झालं असंही सांगत सुटला.

संध्याकाळी शटर पडलं. मोहित्यांनी कुलूप लावलं. बाई शेजारी उभ्या. "चला," त्या म्हणाल्या. मी टेम्पोत खिडकीशी होते, मला सगळं दिसत होतं, कळत मात्र काही नव्हतं. मोहिते निघाले आणि थोडं आल्यावर थबकले. कपाळावरून घाम गळत होता. त्यांनी मान वळवायला घेतली तशी बाईंनी फटकन छत्री उघडली आणि त्यांच्या खांद्यामागे धरली. आभाळ स्वच्छ होतं.

"कोकणात कोणता आंबा असतो तुमच्याकडे?" बाईंनी विचारलं.

"बाई, मला एकदा जाऊ द्या. एकदाच."

"रायवळ असेल ना?"

"बाई, पाया पडतो."

"रायवळाचं लोणचं चांगलं होतं म्हणतात."

असं करत ते टेम्पोपर्यंत आले. मोहिते माझ्या समोरच्या बाकावर बसले, दोन्ही हातांनी बाकाची कड धरून. बाई शेजारी. टेम्पो सुटला. तुर्भ्यापर्यंत त्यांचे दात वाजत होते आणि मी मनात म्हणत होते, काय भयंकर दातदुखी आहे ही! वाशी जवळ आली तसे त्यांचे हात सैल पडले. ते बाईंकडे बघून हळूच म्हणाले, "उतरतंय हो. खरंच उतरतंय." दाताचा ठणका उतरतोय असं समजून मी उतरून घरी गेले.

बाई असं पुष्कळदा आल्या. पुढे मोहिते एकटेच कुलूप लावून यायला लागले. कधीकधी पाय अडखळायचा, पण यायचे. "चढलंय ते उतरणार," ही त्यांची नवी म्हण झाली. पितळेच्या भावावरून शेठ चिडले, उतरणार. माझ्या वडिलांचं ब्लडप्रेशर, उतरणार. चेहऱ्यावर मांस आलं, शाल पुन्हा घरातून बाहेर पडू लागली. आमच्या समजुतीप्रमाणे दात एकदाचे संपले.

आणि एका सकाळी ते वर्तमानपत्र नाचवत माझ्या टेबलापाशी आले. आतल्या पानावर, कोपऱ्यात, छोटी बातमी होती. मानसोपचारतज्ज्ञांच्या देशपातळीवरच्या परिषदेत संशोधनासाठी डॉ. शैला गुर्जर यांना सुवर्णपदक. पण मोहित्यांनी बोटाने 'मानसोपचार' झाकून धरलं होतं, त्यामुळे मला फक्त बाईंचं नाव आणि पदक दिसलं.

"आपल्याला सुवर्णपदक मिळालं!" ते म्हणाले.

"आपल्याला?"

"म्हणजे... बाईंना. पण दात कोणाचे होते?"

त्याच दिवशी ते हॉस्पिटलात पोचले. तिथलं संभाषण त्यांनी मला नंतर इतक्यांदा ऐकवलंय की मी तिथे हजर होते असंच वाटतं.

"बाई, आमचं नाव घेतलं का तिथे?"

"नाव कोणाचंच घ्यायचं नसतं, मोहिते. पुष्कळ रुग्ण आहेत या अभ्यासात. एका ठिकाणी मी 'एक स्टोअरकीपर' असं म्हटलंय."

"म्हणजे मीच ना तो?"

"तुम्हीच."

"मग टाळ्या वाजल्या त्या कुठे वाजल्या? स्टोअरकीपरच्या जागी का शेवटी?"

"शेवटी."

"हां," मोहिते जरा हिरमुसले. मग म्हणाले, "तुमचा सत्कार करायचाय. कारखान्यात. खंडेनवमीला."

"येईन," बाई म्हणाल्या. "पण दातांची डॉक्टर म्हणूनच येईन. तुम्ही तिकडे काही बोलायचं नाही. माझं पदक घरात राहील. तुम्हाला रोज स्टोअर उघडायचंय."

शेठ लगेच तयार झाले. सुवर्णपदकवाली दातांची डॉक्टर आली तर सगळ्या कामगारांचे दात फुकटात तपासून होतील, हा त्यांचा हिशेब. मोहित्यांनी मात्र एक अडचण काढली. पदक हे फार लहान असतं. पिशवीत टाकलं की दिसत नाही. एवढ्या मोठ्या कामाला दिसेल असं काहीतरी हवं. मग त्यांनी बिघडलेल्या ओतकामातला एक मोठा व्हॉल्व्ह शोधून काढला आणि बळीरामने लेथवर त्याचा करंडक केला. दोन बाजूंना कान, खाली बैठक, वर झाकण. पितळ इतकं घासलं की तोंड दिसावं. वजन असं की उचलताना बळीरामच्या मानेच्या शिरा फुगायच्या. भांड्यावर घालतात तसं त्याच्यावर नाव घालायचं होतं. बळीराम छिन्नी घेऊन बसला. 'डॉ. शैला गुर्जर यांस' इथपर्यंत झालं.

"म्होरं काय घालू? दातांच्या डागतर?"

"थांब जरा," मोहिते म्हणाले. "सांगतो."

दोन दिवस गेले. बळीरामने पुन्हा विचारलं. "सांगतो म्हटलं ना." खंडेनवमी उजाडली तरी करंडकावर तेवढी जागा रिकामी.

आदल्या दिवशी वहिनी माझ्या घरी आल्या होत्या. उंबऱ्यातच उभ्या राहून म्हणाल्या, "बाई, तुमी शिकलेल्या. उद्या काय पण करून त्यांच्या हातात माइक देऊ नका."

"का हो वहिनी? त्यांना किती आवडतं!"

"म्हणूनच म्हणते. आवडती गोष्ट हातात आली की माणूस खरं बोलतो." मग पदर सारखा करत म्हणाल्या, "पोरगी शाळेत जाते माझी. ही सगळी नवीन वस्ती, कोणाला कोणाचं मागचं म्हाईत नाय, ते एक बरं आहे." मला काही उलगडा झाला नाही. पण माइक शेठसमोर ठेवायचा, एवढं मी ठरवलं.

यंत्रांना हार घातले होते, झेंडूचा आणि कूलंट तेलाचा मिळून एक चमत्कारिक वास शेडभर होता. बाई आल्या, खुर्चीवर बसल्या. मागे भिंतीशी सुनंदावहिनी. शेठ बोलायला उभे राहिले. "दात ये बहोत मोटी चीज है," त्यांनी सुरुवात केली. तंबाखूवर बोलले, कडुनिंबाच्या काडीवर बोलले. "आपल्या डॉक्टरबाईने दात में सारा इंडिया का गोल्ड मेडल जिता है!" टाळ्या झाल्या. बाई खाली मान घालून शांतपणे बसल्या होत्या. एवढं मोठं काम केलेली बाई भलत्याच कामाची स्तुती इतक्या सभ्यपणे ऐकून घेत होती. मोहिते करंडकाशेजारी उभे होते आणि मी त्यांच्याकडे बघत होते. मागच्या वर्षी घड्याळ घेताना झाला होता तसा चेहरा होत चालला होता.

"अब करंडक देंगे," शेठ म्हणाले. मोहित्यांनी करंडक उचलला नाही. दोन पावलं पुढे येऊन त्यांनी शेठच्या हातातून माइक घेतला. पहिल्यांदाच 'हॅलो, हॅलो' केलं नाही.

"शेठ, माफ करा. चूक होतेय. बाई दातांच्या डॉक्टर नाहीत. डोक्याच्या आहेत. आणि डोकं माझं आहे."

मोहित्यांनी माइक दुसऱ्या हातात घेतला.

"मागच्या खंडेनवमीला मला घड्याळ मिळालं. आयुष्यात पयलं बक्षीस. ते मला आजाराबद्दल मिळालं. मी स्टोअर राखत नव्हतो, शेठ. मला तिथून हलता येत नव्हतं. रात्रभर रडत होतो. घरी ते घड्याळ मी उलटं टांगलंय, भिंतीकडे तोंड करून." कोणीतरी हसलं आणि गप्प झालं. "बाईंनी मला तिथून हलवलं. पुन्हापुन्हा इथे आल्या, धूळ खात. त्याचं पदक त्यांना मिळालं, त्यात एक स्टोअरकीपर आहे, तो मी. आजारी होतो तेव्हाचं बक्षीस खऱ्या नावाने घेतलं. बरा झालो त्याचं खोट्या नावाने कसं घेऊ? बस, एवढंच. आता टाळ्या वाजवायच्या तर वाजवा."

कोणी वाजवल्या नाहीत. मी भिंतीकडे बघितलं, वहिनींनी डोळे घट्ट मिटले होते. आणि त्या शांततेत बळीरामचा खराखुरा काळजीचा आवाज आला, "मंग माजी दाढ उगाच काढली काय?"

"नाही, नाही," बाई घाईघाईने उठत म्हणाल्या, "ती खरंच किडलेली होती!"

मग जे हसू फुटलं ते आवरेना. बाई हसल्या, शेठ हसले, मोहिते हसता हसता रडले. बाईंनी पिशवीतून रुमालाची पुरचुंडी काढली. पदक आणलं होतं त्यांनी. घरी ठेवते म्हणाल्या होत्या, पण आणलं होतं. ते त्यांनी मोहित्यांच्या हातावर ठेवलं आणि मग ते शेडभर फिरलं. बळीरामने तळहातावर तोललं. "सोना नाय. मुलामा हाय," त्याने निकाल दिला. "असू दे," मोहिते म्हणाले. वहिनींपाशी पदक आलं तेव्हा त्यांनी ते नवऱ्याच्या छातीला धरून बघितलं, कसं दिसतं ते, आणि पटकन पुढे देऊन टाकलं. बळीरामने तिथेच बसून रिकाम्या जागेवर 'डोक्याच्या डॉक्टर' असं घातलं. करंडक मुंबईला नेताना बाईंना बसमध्ये लगेजचं तिकीट काढावं लागलं.

गोष्ट इथे संपली असती तर छान झालं असतं. पण दसऱ्याची सुट्टी संपल्यावर शेठने मोहित्यांना केबिनमध्ये बोलावलं. काच पातळ होती, सगळं ऐकू यायचं.

"मोहिते, ये बीमारी पलटके आती है क्या?"

खोटं बोलायची सोय होती. मोहिते म्हणाले, "येऊ शकते, शेठ. आली तर मला कळेल. काय करायचं ते म्हाईत आहे."

शेठने हात पुढे केला. मोहित्यांनी खिशातून स्टोअरची चावी काढून टेबलावर ठेवली. शेठ वाईट माणूस नव्हते, त्यांना फक्त भीती वाटत होती. स्टोअर शेठच्या भाच्याकडे गेलं आणि मोहित्यांना मागच्या दारी डिस्पॅचला बसवलं, माल गाडीत चढवून द्यायचा. ती चावी त्यांना पुन्हा कधीच मिळाली नाही. पहिले काही दिवस डबा खायला ते आमच्यात येऊन बसले नाहीत. वस्तीतल्या मुलांनी त्यांच्या मुलीला शाळेच्या वाटेवर काहीबाही म्हटलं, तेव्हा वहिनी त्या मुलांच्या घरोघरी जाऊन आल्या. पुन्हा कोणी म्हटलं नाही.

मग एक दिवस मोहिते माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "बाई, डिस्पॅच चांगलं आहे हो. स्टोअरमध्ये वस्तू धरून ठेवायची. इथे सोडून द्यायची. गाडी गेली की गेली, मागे धावता येत नाय." हे ते मला पटवत होते की स्वतःला, मला सांगता येणार नाही. पण पुढे ते मागच्या दारी रमले खरे.

आणि त्या मागच्या दारी माणसं यायला लागली. पहिला आला शेजारच्या रंगाच्या कारखान्यातला फोरमन. इकडचं तिकडचं बोलला आणि म्हणाला, "माझा एक मित्र आहे." मित्राला झोप येत नव्हती. मग आमच्याच पॅकिंगमधल्या एका बाईची 'एक मैत्रीण'. एवढ्या मित्रांना डॉक्टरची गरज असेल, आणि ते सगळे पावण्यातच असतील, असं कोणाला वाटलं असतं! मित्र म्हणायचीही लाज वाटू लागली तेव्हा कोणीतरी नवी युक्ती काढली. "मोहिते, जरा दाताचं काम होतं." मोहिते समजायचे. कधी जायचं ते ठरवायचे, आणि नुसता पत्ता देऊन मोकळे व्हायचे नाहीत, बरोबर जायचे. एकदा एकाची खरोखरच दाढ सुजली होती. मोहिते त्याला धीर देत देत थेट बाईंच्या दारापर्यंत घेऊन गेले. बाईंनी बॅटरी काढली म्हणे.

वर्षभराने शेठनेही एकदा केबिनचं दार लावून घेतलं. काय बोलणं झालं ते मला त्या दिवशी ऐकू आलं नाही, कारण दोघंही कुजबुजत होते. दुसऱ्या दिवशी मोहिते रजेवर होते आणि शेठही आले नाहीत. मी मोहित्यांना काही विचारलं नाही. विचारलं असतं तरी त्यांनी सांगितलं नसतं.

पुढे माझं लग्न झालं, मी ठाण्याला गेले, नोकरी सुटली. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस आईला भेटून परत निघाले होते. वाशीच्या डेपोत माझी बस सुटायच्या बेतात होती. खिडकीतून पलीकडे मुंबईच्या बसची रांग दिसत होती आणि रांगेत मोहिते. केस पांढरे झालेले. बरोबर एक तरुण मुलगी, त्यांची नव्हे, कॉलेजातली असावी, डोक्यावरून ओढणी इतकी पुढे ओढलेली की चेहरा दिसू नये. मोहिते तिला काहीतरी सांगत होते, हातवारे करत, कुठल्यातरी सभेचा किस्सा असावा. मुलगी ऐकत नव्हती. तिची नजर डेपोच्या फाटकाकडे होती, आत्ता पळेल की मग पळेल अशी.

मला इतका आनंद झाला की मी खिडकीतून हात काढून ओरडले, "मोहिते! अहो मोहिते!"

त्यांनी बघितलं. ओळखलं, यात शंका नाही, कारण क्षणभर तो जुना चेहरा उजळला. पण त्याच क्षणी मुलगी दचकली आणि तिने ओढणी आणखी पुढे ओढली. मोहित्यांनी माझ्याकडे असं बघितलं जसं कोणी अनोळखी बाई भलत्यालाच हाक मारते आहे. मान हलवली. मग सावकाश वळून माझी खिडकी आणि ती मुलगी यांच्यामध्ये पाठ करून उभे राहिले आणि हातवारे करत किस्सा पुढे सांगू लागले. मुंबईची बस लागली, तेव्हाही ते तसेच उभे होते.